खिडकीकडचे तिसरे बाक

सोमवार, १० मार्च २०२५. गॅसचा सिलिंडर आला. कामाला येणारी सीताबाई आली नाही. दुपारी प्राचार्या विनिता यांचा फोन. जानकीबाई ३१ तारखेला निवृत्त होत आहेत. त्यांच्या कपाटातल्या कागदांची यादी २५ तारखेला कॉलेजच्या व्यवस्थापन समितीपुढे आली तर विचार होईल, नाहीतर सगळे रद्दीत जाईल. यादी मी करीन म्हणाले. रात्री मुगाची खिचडी.

जानकीबाई खारबावच्या. आमच्या कॉलेजात १९८८ साली शिपाई म्हणून लागल्या. त्यांना वाचता येत नाही. सही येते, ती त्या पगारपत्रकावर आणि निवडणुकीतच करतात. रोज पाचनंतर वर्ग झाडायचा आणि बाकांच्या खणांत मुलांनी विसरलेले, टाकलेले कागद गोळा करायचे, असा त्यांचा क्रम. मला वाटे, हे कागद कचऱ्यात जातात. ते जिन्याखालच्या कपाटात जात होते. सदतीस वर्षांचे एकशे बारा गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा लूमवरच्या कापडाच्या काठाच्या पट्टीने बांधलेला, कारण भिवंडीत सुतळीपेक्षा ती सहज मिळते.

कशासाठी ठेवले, असे मी विचारले. "पोरं परत मागायला येतात," त्या म्हणाल्या. किती आली, तर नऊ.

प्राचार्यांनी नमुना दिला होता: संग्रहाचे नाव, काळ, पाने, वर्णन. मी उघडेन तो कागद वाचून लिहू लागले. "वही, पाने ८०, पैकी लिहिलेली ११. विषय अर्थशास्त्र. सातव्या पानापासून विषय बदलतो." "लग्नाच्या पाहुण्यांची यादी, वधूच्याच हस्ताक्षरात, दोन नावे खोडलेली." प्रेमपत्रे वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिले की तीस वर्षे उघडू नये. मी वर काय लिहिले ते जानकीबाईंनी विचारून घेतले आणि म्हणाल्या की तोवर लिहिणाऱ्यांची नातवंडे मागायला येतील.

तीन दिवसांत एक्केचाळीस गठ्ठे झाले. मी ते सोडवून प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी फाइल केली आणि आडनावाप्रमाणे लावली. पट्ट्या पिशवीत भरल्या. ओटा पुसायला बऱ्या होत्या.

चौथ्या दिवशी जानकीबाई चहा घेऊन आल्या. टेबलाकडे बराच वेळ पाहिले. कप ठेवला.

"बाई, तुम्ही बाकं मोडलीत."

मला कळले नाही. त्यांनी समजावले. एक गठ्ठा म्हणजे एक बाक. एकत्र बसणाऱ्या दोघातिघांचे कागद एकत्र. हिरवी पट्टी खिडकीकडची ओळ, लाल पट्टी भिंतीकडची. पट्टीला जितक्या गाठी, तितवे बाक. "मला वाचता येत न्हाय. पन कोन कुनाजवळ बसला त्ये ठाव हाय."

त्याच बाकांसमोर मी निवृत्तीपर्यंत एकोणीस वर्षे इंग्रजी शिकवले. कोण कोणाजवळ बसत असे, हे मला सांगता आले नसते. माझ्याकडे फक्त हजेरीपट होता.

सुदैवाने दिवसभरात काय केले ते रात्री लिहायची सवय आहे. शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणत, आधी तारीख, मग वस्तू, मत शेवटी आणि जमल्यास नाहीच. त्यामुळे कोणत्या गठ्ठ्यातून कोणाचे काय निघाले ते डायरीत होते. अडतीस गठ्ठे डायरीवरून परत बांधले. तीन गठ्ठे लिहायचे राहिले होते, त्या दिवशी पाहुणे आले होते. ते जानकीबाईंनी आठवून सांगितले. पट्ट्या घरून आणल्या. गाठी त्यांनीच पुन्हा मारल्या. यादीत मी नवा रकाना पाडला: बाक.

२१ तारखेला समितीचे धनेश आले. वडप्याला त्यांची गोदामे आहेत. पूर्वी आमच्याच कॉलेजात शिकायला होते. त्यांना कपाटाच्या जागी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे मशीन बसवायचे होते.

"मॅडम, माझ्या गोदामात पण एवढा जुना माल नाही," ते म्हणाले. यादी त्यांनी उभ्याउभ्या चाळली. मुलांच्या चिठ्ठ्याचपाट्या कोण वाचणार, असे विचारले. आपण २५ तारखेला नाही म्हणणार आहोत, मला वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगायला आलो, असेही सांगितले.

जानकीबाई कपाटाकडे गेल्या आणि एक गठ्ठा आणून त्यांच्यापुढे ठेवला. हिरवी पट्टी, तीन गाठी.

"धनेश, ह्ये तुजं बाक."

आत अर्थशास्त्राची नापास उत्तरपत्रिका त्यांची होती आणि एक वही पडघ्याच्या भूपेशची. मी फाइली केल्या तेव्हा उत्तरपत्रिका एका फाइलमध्ये गेली होती आणि वही दुसऱ्या. वहीच्या मागच्या पानांवर तास चालू असताना दोघांनी पेन्सिलीने केलेल्या गप्पा आहेत, एक ओळ एकाची, एक दुसऱ्याची. उद्या येणार का. नाही, भात झोडायचाय. मग मी पण नाही. तू ये, नोट्स कोण देईल. मॅडमची आज पण तीच साडी. ही शेवटची नोंद मी वर्णनात "शिक्षिकेच्या पोशाखाविषयी उल्लेख" अशी घेतली आहे. त्या तारखेची माझी डायरी पाहिली. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

धनेश खाली बसले. चाळीस मिनिटे वाचत होते. फोन दोनदा वाजला, उचलला नाही. मग वही घरी नेऊ का, असे त्यांनी मला विचारले. मी जानकीबाईंकडे पाहिले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची पन हाय."

"मावशी, भूपेश जाऊन सात वर्षं झाली."

"ठाव हाय. तू त्याची नेलीस, तर तो बसंल कुठं?"

धनेशनी वही बंद केली आणि ते तिसऱ्या गाठीवर बोट ठेवून बसले. जाताना मशीन ऑफिसात बसेल म्हणाले. भेटीच्या वहीत सही केली, वेळही लिहिली. २५ तारखेला समितीने कपाट ठेवायचे ठरवले. इतिवृत्तात कारण "जागेची सोय झाल्याने" असे आहे.

३१ तारखेला ईदची सुटी, म्हणून शनिवारी २९ तारखेलाच जानकीबाईंना नारळ आणि शाल दिली. भाषण करायला सांगितले तर त्यांनी उरलेले एकाहत्तर गठ्ठे बाईंनी सोडताना आधी गाठी मोजाव्यात, एवढेच सांगितले. मग कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. कोणी मागायला आले तर वाचायला द्यायचे, न्यायला द्यायचे नाही.

त्या संध्याकाळी मी लिहिले: स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आता चार किल्ल्या झाल्या. खिळा सैल आहे. सुताराला सांगणे.