शनीचं कडं

मांडवीच्या भार्गव नेन्यांना पितळी दुर्बिणीतून शनीचं कडं दिसे, कड्यातली काळी रेघही दिसे. बायकोला मात्र ते सारं वर्षानुवर्षं तोंडीच रंगवून सांगावं लागे. यमुनाबाईंची साडेसाती चालू होती आणि साडेसातीत शनीकडे पाहायचं नाही, हा त्यांचा नेम.

छत्तीस साली साडेसाती सरली. त्या संध्याकाळी नेन्यांनी नाटकाचा पडदा उघडावा तशी दुर्बिणीची टोपी काढली. यमुनाबाई वाकल्या.

"अहो, हा तर नुसता पिवळा वाटाणा. कडं कुठाय?"

नेन्यांनी पाहिलं. कडं यंदा नेमकं पृथ्वीकडे धार करून आडवं आलं होतं. इतकं पातळ, की दिसेना.

"अगो, वर्षभराने दिसेल परत."

"इतकी वर्षं मला थापाच मारल्यात होय."

वर्षाने कडं दिसलं. नेने अंगणातून हाका मारत राहिले. यमुनाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत.