नवारीच्या पट्ट्यांचा पिठ्ठू

शंकर गेला ही बातमी मला सांगलीत कळली. नातीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे राहिले होते. अंगणात दुपटी वाळत घालत होते, तेवढ्यात आमच्या शेजारचा ज्ञानू दारात येऊन उभा राहिला. पाटणच्या वर डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथून मोटारी बदलत तो आला होता, आणि आल्या आल्या त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं. मीच विचारलं, "डोंगरात?" त्यानं मान हलवली. "न्हाई अक्का. हातरुणात. छातीत कफ भरला." मला आधी रागच आला. माझा धाकटा भाऊ, पलटणीतून हवालदार होऊन परतलेला, धुक्यात चुकलेली माणसं हुडकत कडेकपारी पालथ्या घातलेला, आणि तो घोंगडीखाली खोकत गेला... पिळलेलं दुपटं हातातच होतं. मी विचारलं, "पिठ्ठू कुठाय?" ज्ञानू खाली बघत म्हणाला, "खुटीवर हाय. मी हात लावला न्हाई."

पलटणीतले लोक पाठीवर बांधायच्या पिशवीला पिठ्ठू म्हणतात. या पिठ्ठूला ज्ञानूनं कधीच हात लावला नव्हता, आणि त्यानं तो लावावा यासाठीच शंकरनं पिठ्ठू घडवायची एवढी खटपट केली होती, असं माझं मत आहे. शंकर स्वतः तसं म्हणाला असता असं नाही. तो फार बोलणारा नव्हता, आणि एका जागी बसणारा तर मुळीच नव्हता. मी विधवा होऊन त्याच्याकडे राहायला आले तेव्हा त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. जेवताना तो मध्येच उठून ओसरीवर जायचा, डोंगराकडे बघून परत यायचा. भाकरी वाळून जायची. मी म्हणायचे, "बस की रं एका जागी. डोंगर काय पळून जातोय?"

हे वेड त्याला लागलं विठूपासून. विठू वरच्या वाडीचा धनगर. दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतली गोष्ट; शंकर तेव्हा पेन्शन घेऊन घरी आला होता. म्हैस चुकली म्हणून तो धुक्यात गेला आणि कड्यावरून घसरून खाली एका कपारीत अडकला. त्याला शोधायला शंकर, ज्ञानू आणि गावातली चार माणसं गेली. दोर, घोंगडी, खायचं, सगळं एका बोचक्यात बांधून ज्ञानूच्या डोक्यावर दिलं होतं. आमच्याकडे ओझं डोक्यावरच नेतात. गवताचा भारा असो की धान्याचं पोतं, चुंबळ ठेवली की झालं. पण कड्यावर चालायचं तर दोन्ही हात कारवीची झुडपं धरायला लागतात, डोक्यावरचं कोण धरणार? ज्ञानूचा पाय सरकला, त्यानं झुडूप धरलं आणि बोचकं गेलं दरीत. दोर त्यातच होता. विठू खालून ओ देत होता. गावात येऊन दुसरा दोर नेईपर्यंत त्याची ओ थांबली.

ज्ञानूला कुणी बोल लावला नाही. शंकरनं तर नाहीच. पण ज्ञानू त्यानंतर डोंगर चढला नाही. कुणी चुकल्याची हाक आली की तो गोठ्यात शिरून बसायचा. एरवी चेष्टा करून माणूस हसवणारा गडी, त्या दिवशी दिसायचाच नाही. आणि शंकरनं मनावर घेतलं ते हे, की पाठीवर बसेल, हात मोकळे ठेवील आणि काही झालं तरी अंगावरून सुटणार नाही अशी पिशवी पाहिजे.

पहिली त्यानं आष्ट्याच्या एका कारागिराकडून कातड्याची करून आणली. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं, जाड, पाणी आत शिरायचं नाव नाही. शंकर खूश. मग एका आषाढात गावातली एक म्हातारी डोंगरावरच्या देवाला म्हणून गेली आणि धुक्यात चुकली. शंकरला ती सापडली, थंडीनं कुडकुडत होती, जीभ टाळूला चिकटलेली. त्यानं पिशवीतून गूळ काढून पुढं धरला, तर म्हातारी म्हणते, "एकादस हाय. कातड्यातला गूळ मला चालायचा न्हाई." शंकरनं हात जोडले, रागावला, पण बाईनं तोंड उघडलं नाही. तिला तशीच पाठुंगळी घेऊन त्यानं खाली आणलं. ती वाचली, पण वाटेत दोनदा शुद्ध गेली होती. घरी येऊन तो मला सांगत होता आणि मी चुलीपुढं हसत होते. तीच बाई जन्मभर मोटेचं पाणी पीत आली होती, ती मोट काय सोन्याची होती? पण शंकर हसला नाही. म्हणाला, "पिशवी कितीबी दणकट असू दे अक्का, मानूस तिच्यातलं घेनार नसंल तर ती काय कामाची?" कातड्याची पिशवी पुढं उंदरांनी खाल्ली.

लढाई संपल्यावर पलटणीचा जुना माल सांगलीच्या बाजारात आला. तंबू, बूट, कंदील, आणि पिठ्ठूही. शंकर तिथं जाऊन एकेक पिठ्ठू पाठीला लावून बघत बसला. दुकानदार वैतागला. म्हणे, "हवालदार, लगीन करायचंय का त्या पिशवीशी?" शेवटी त्यानं एक आणला. मजबूत होता, पण उंच, आणि वरचा भाग कारवीत अडकायचा. त्याच्या पितळी कड्या ओल्या गारठलेल्या बोटांना उघडायच्या नाहीत. शंकर बादलीत हात बुडवून ठेवायचा आणि मग कड्या उघडून बघायचा. मलाही तसंच करायला लावलं. मला उघडेना. तो म्हणाला, "मग न्हाई उपेगाचा."

"अरं, मी कशाला जातेय डोंगरात?"

"तुला जमलं तर कुनालाबी जमंल."

मग त्यानं तंबूचा तुकडा आणला आणि माझ्यापुढं टाकला. मी दाभणानं शिवायला बसले. तोंडाला कडी नाही, लाकडी गुंडी आणि दोरीचा फास. पट्ट्यांना त्यानं माझ्या खाटेची नवार काढली. मला न विचारता. नवारीची सुती पट्टी रुंद असते, खांद्यात रुतत नाही, हे खरं, पण पुढं महिनाभर मी जमिनीवर झोपले. पट्टे त्याच्या खांद्याला मापून शिवते म्हटलं तर नको म्हणाला. "टोक मोकळं ठिव. ज्याची तो गाठ मारून घील. ज्ञानूला बसला पायजे."

"ज्ञानू वर जानार न्हाई," मी म्हटलं.

"जाईल."

"कवा? तू मेल्यावर?"

पिठ्ठू शिवून झाला तसं त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. जोंधळ्यानं पिठ्ठू भरला आणि मला पाठीवर देऊन माळ्याची शिडी चढायला लावली. मी शिव्या देत चढले. ज्ञानू कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "अक्का, हिमालयात निघाला का?" शंकर त्याला म्हणाला, "ये, तूबी चढून बघ." ज्ञानूचं हसू गेलं आणि तो गोठ्याकडे वळला... पुढची सगळी वर्षं हेच. हाक आली की शंकर पिठ्ठू घेऊन ज्ञानूच्या दारावरून जायचा, क्षणभर थांबायचा, आणि एकटाच पुढं व्हायचा.

सांगलीहून परतल्यावर मी पिठ्ठू खाली काढला नाही. फक्त गूळ बदलला, कारण पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. कामात मन लागत नव्हतं. धुकं उतरलं की मी ओसरीवर जायचे, परत यायचे, परत जायचे. मागच्या पंधरवड्यात वरच्या वाडीहून एक गडी धावत आला. सरपणाला गेलेली त्याची बहीण परतली नव्हती. "हवालदार हायत का?" त्याला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "न्हाईत." तो तसाच उभा राहिला. मी पिठ्ठू घेतला आणि ज्ञानूच्या गोठ्यात गेले. तो म्हशीच्या आडोशाला होता.

"मला न्हाई जमायचं अक्का. माज्या हातनं पुन्हा..."

"हात मोकळंच ऱ्हातात ह्याच्यात," मी म्हटलं. "पाठ फिरव."

शंकर उंच, ज्ञानू बुटका. पट्टे आखडायला हवे होते आणि शंकरची गाठ पावसानं दगड झाली होती. नखानं सुटेना. तो वाडीचा गडी म्हणाला, ऱ्हाऊ द्या, तसाच नेऊ. मी दाभण आणलं, गाठीत घातलं आणि सोडली. वेळ लागला. ज्ञानूनं मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्यानं स्वतःच्या हातानं नवी गाठ मारली आणि उठला.

ती पोरगी सापडली. पाय मुरगळून ओढ्याकाठी बसली होती. ज्ञानूनं पिठ्ठू आणून माझ्यापुढं ठेवला, ओलाचिंब, चिखलानं भरलेला. मी आत हात घातला. गूळ नव्हता.

"समदा तिनं खाल्ला का तूबी?"

"जरा मीबी. लय थोडा ठिवता तुमी."

पिठ्ठू वाळवून खुंटीवर ठेवला आहे. गूळ दुप्पट घातला आहे. पट्ट्यांना गाठ ज्ञानूची आहे. हे लिहिता लिहिता मी ओसरीवर जाऊन डोंगराकडे बघून आले. कुंपणापलीकडून ज्ञानू ओरडला, "आवं अक्का, बसा की वाईच. डोंगर पळून जातोय व्हय?"