ठशातला उजवा हात

महाराजांनी गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढली नसती तर आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नसतं. मी चढलो, आणि चित्रकलेच्या मास्तरांकडं जाऊ-येऊ लागलो. ते लाकडावर चित्र कोरून कागदावर छाप काढत. त्यांना चित्रासाठी राबणारा माणूस हवा होता, म्हणून मी त्यांना मुरगूडजवळच्या आमच्या गावी नेलं. माझा बा तेव्हा दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायचा.

मास्तरांनी त्याला भाकरी खाताना बसवलं. जेवत्या माणसाकडं टक लावून बघू नये, असं आमच्यात मानतात. तरी बा बसला. माझ्यासाठी बसला.

पुढं मास्तरांनी कोरलेला ठसा दाखवला. घास उजव्या हातात होता. मी सुट्टीत गावी जाऊन बाला सांगितलं, "अगदी तुझ्यावाणी झालंय." ठशावर उजवं ते कागदावर डावं उमटतं, हे मला सुचलंच नाही. छाप निघाला तेव्हा चरकलो. बा डाव्या हातानं जेवत होता.

"उलटं कोरायचं राहिलं," मास्तर म्हणाले. "हा बाद. प्रदर्शनाआधी नवा कोरतो. शब्द देतो."

मी विश्वास ठेवला. बालाही प्रदर्शनाला बोलावलं. गावच्या दोघांना घेऊन, धुतलेलं धोतर नेसून तो आला.

भिंतीवर तोच छाप होता.

"काय रं," गावचा एकजण हसला, "ह्या हातानं जेवतोस, मग धुतोस कंच्या हातानं?"

तेवढ्यात कुणा साहेबानंही मास्तरांना डाव्या हाताचं विचारलं. मला वाटलं, आता तरी ते चूक सांगतील.

"कष्टकरी लोक हे," मास्तर हसले. "त्यांना कुठलं आलंय डावं-उजवं? पाहिलं तसं कोरलं."

बा अगदी जवळ उभा होता. मी त्याला घेऊन दाराकडं वळलो.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय. पण मास्तर नवा कोरणार हुते."

"मास्तर परका हाय. त्यानं मला एकदाच जेवताना बघितलं. तू तर माझ्या ताटात जेवलास की. तिथं गप का बसलास?"



दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच हाक मारली. "चित्र सगळ्यांना आवडलं. आणखी छाप काढायचेत, शाई लावायला ये."

"आणि नवा ठसा?" मी विचारलं.

"आता कशाला?" ते म्हणाले.