टाकीपुढचा रस्ता

मीनाने मुलाला अंबरनाथ दाखवायला सुरुवात केली ती सहलीच्या नावाने. मिलिंद अंगापिंडाने तिशीचा गडी, पण समज आठ-नऊ वर्षांच्या पोराची. 'रस्ता शीक' म्हटलं की रुसून बसायचा. 'चल, शहर बघू' म्हटलं की चपला घालून दारात उभा. मग दर रविवारी मायलेक निघायचे. विहारापाशी हात जोडायचे, चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याकडे मान वर करून बघायचं, पाण्याच्या जुन्या टाकीपाशी डावीकडे वळायचं, वालधुनीचा पूल ओलांडायचा, की समोर हजार वर्षांचं शिवमंदिर. परतताना मीनाच्या गुडघ्यांपायी रिक्षा.

मंदिरामागच्या गल्लीत एक संस्था अशा मुलांना अगरबत्त्या भरायचं काम देई. मिलिंदला घ्यायला ते तयार होते. फक्त त्याने आपला आपण यायला हवं होतं. नवरा गेल्यापासून मीना औषधांच्या कंपनीत सकाळच्या पाळीला जायची. जाताना बाहेरून कुलूप लावायची आणि किल्ली शेजारच्या गयाबाईंकडे द्यायची. लेक दिवसभर कुलपाआड टीव्ही बघत बसे, आणि कामावर मीनाचा जीव घराकडे लागलेला असे.

वर्ष उलटलं. शेवटी एका रविवारी मन घट्ट करून तिने त्याला एकट्याला धाडलं, आणि स्वतः दुकानांच्या आडोशाने चोरासारखी मागून निघाली.

विहारापाशी त्याने हात जोडले. पुतळ्यापाशी मान वर केली. पुढच्या वळणावर मात्र थांबला तो थांबलाच. टाकी नव्हती. त्याच आठवड्यात पाडली होती. पत्र्याच्या कुंपणाआड नुसता राडारोडा.

धावत जाऊन हात धरावा असं मीनाला वाटत होतं, पण आज हात धरला तर उद्या पुन्हा कुलूप, हेही कळत होतं. ती रसवंतीच्या खांबाला धरून उभी राहिली. दुचाकीवाले मिलिंदवर खेकसत बाजूने जात होते. अखेर कडेला शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या बनूबाईंनी त्याला हटकलं.

"काय रे दादा, कुणाची वाट बघतोस?"

"टाकीची."

"ती पाडली की. आता कसली येतेय ती?"

मिलिंदने जरा विचार केला आणि तो सरळ मागे फिरला. महाराजांचा पुतळा गाठला, तिथून विहाराच्या दिशेने वळला. वर्षाची मेहनत मातीला मिळाली म्हणून मागोमाग आलेली मीना मटकन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. त्याने मागे वळून पाहिलं आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ती इथे कशी, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

"आई, टाकी नाही. घरी जातो."

"घरचा रस्ता तुला कुणी शिकवला?"

"पुढचं दिसलं नाही तर घरी यायचं ना?"

रात्र-रात्र जागून मीनाने कल्पनेत त्याला वाट चुकवून कल्याणला पोचवलं होतं, ट्रकखाली घातलं होतं, कुणाकुणाच्या हाती मार खायला लावलं होतं. तो आपसूक घरी येईल, एवढं एक तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

पुलापर्यंत सोबत जावं म्हणून ती उठू लागली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. बसल्या बसल्याच तिने त्याला सांगितलं, पुतळ्यावरून पुन्हा जा, शेंगावाल्या आजींपाशी डावीकडे वळ.

"आजी नसल्या तर?"

त्याला बरोबर तिथेच शंका यावी, जिथे सांगता सांगता तिला आली होती.

"तर घरी ये," ती म्हणाली.

तो निघाला. वळणावर दिसेनासा झाला, तरी मीना जीव मुठीत धरून तिथेच बसून राहिली. त्याच्या मागे मात्र गेली नाही.