सल्लागार बाहेर गेले

आरोग्य समितीची कारकुनी केली, की दप्तरात ठराव कमी आणि किस्से जास्त साठतात! पन्नासच्या दशकात पिंपरीला कारखाने येत होते, माणसं वाढत होती, आणि काळेवाडीच्या वाटेवरच्या आमच्या वस्तीला प्यायला तीच एक जुनी विहीर. दर पावसाळ्यात जुलाबाची साथ ठरलेली. शेवटी वरून हुकूम आला, बाहेरचा तज्ज्ञ सल्लागार नेमा.

*

पुण्याहून डॉक्टरसाहेब आले. विहीर त्यांनी लांबूनच पाहिली. "जंतुनाशक पावडर टाका."

डासांना? "पावडर." खरजेला? "पावडर."

सरपंच आण्णांनी सहज विचारलं, "साहेब, ही मिळती कुठं?"

साहेबांनी खिशातून मेव्हण्याच्या दुकानाचं कार्ड काढलं. समितीत सगळ्यांना पुरतील एवढी कार्डं होती.

*

मग दुसरा हुकूम आला. ज्याचा विषयाशी हितसंबंध असेल, त्यानं चर्चेच्या वेळी बाहेर जावं.

साहेब शिस्तीचे. पावडरचा विषय निघताच उठले, बाहेर गेले आणि खिडकीशी उभे राहिले. "दोन पोती कमी पडतील हो!"

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सल्लागार बाहेर गेले. सल्ला खिडकीतून मिळाला.' कुणी हरकत घेतली नाही.

*

पावडरीचा गुण येतो का, हे तपासायला एक निःपक्षपाती तज्ज्ञ बोलावला. तो साहेबांच्याच टांग्यातून उतरला.

"आमचे मेव्हणे," साहेब म्हणाले. "मालाची माहिती यांच्याइतकी कुणाला असणार?"

अहवाल उत्तम आला.

*

साथ मात्र हटेना. विहिरीला कठडा नव्हता आणि शेजारच्या आण्णांच्या गोठ्यातलं पाणी सरळ आत उतरायचं. हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं, आणि मी पावडरीचेच ठराव लिहीत होतो. त्याची लाज अजून वाटते.

*

साखराबाई चौघांच्या समितीतल्या एकट्या बाई. त्यांची नात आठ दिवस जुलाबानं अंथरुणाला खिळली होती. पुढच्या बैठकीत विषय होता, पुन्हा पावडर घ्यायची, की कठडा बांधून गोठ्याचं पाणी वळवायचं.

"भाऊसाहेब, त्यो हितसंबंधाचा हुकूम वाचा," त्या मला म्हणाल्या. मी वाचला.

"आण्णा, गोठा तुमचाच न्हवं?"

आण्णा उठले.

"दगडूभाऊ, पोती तुमच्याच बैलगाडीतनं येत्यात. आन् रामभाऊ, तुमचा ल्योक त्याच दुकानात कामाला हाय."

तेही दोघं उठले. साहेब तर आधीच खिडकीशी. खोलीत उरलो साखराबाई आणि मी.

"लिव्हा. कठडा बांधायचा. गोठ्याचं पानी वळवायचं."

"अहो, हे चालणार नाही!" खिडकीतून साहेब ओरडले. "या बाईंचाही हितसंबंध आहे. त्या तेच पाणी पितात!"

"व्हय, पिते की," साखराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, खिडकी लावा."

मी उठून खिडकी लावली.