तक्रार निराधार

पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीवर बावीस वर्षं बसलेल्या बाईंचा खाक्या ठरलेला होता. नळाला पाणी नाही म्हणून कुणी आलं की त्या मुख्य वाहिनीच्या दाबाचा आकडा बघत. आकडा ठीक असला की अर्जावर शिक्का: 'तक्रार निराधार'. चौथ्या मजल्यावरचा माणूस रिकामी बादली घेऊन खिडकीशी उभा राहिला, तरी बाई ढिम्म.

मग त्यांच्याच छातीत दुखायला लागलं. जिना चढताना दुखे, साहेबांशी वाजलं की दुखे, कधी नुसतं बसल्या बसल्या अर्धा-अर्धा तास छातीवर दगड ठेवल्यासारखं होई. अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या एकदम साफ! घरात आनंदीआनंद. नवरोबांनी रिपोर्ट फ्रिजला चिकटवला आणि त्या दिवसापासून बाईंचं दुखणं अधिकृतरीत्या बंद झालं. हात छातीकडे गेला की ते फ्रिजकडे बोट दाखवत. नणंदबाईंनी फोनवरूनच निदान केलं, "वहिनी, तू मनाला फार लावून घेतेस." लेकाने पावलं मोजणारं घड्याळ आणलं. डॉक्टरांनी छंद जोपासायला सांगितलं. एवढी हुशार माणसं एका बाईच्या वाट्याला आली होती! बाईंना मात्र रोज भीती वाटे, की आपण अशाच एक दिवस जिन्यात मरू आणि लोक रिपोर्ट वाचून म्हणतील, छे, शक्यच नाही.

दीड वर्षाने त्या कुणाला न सांगता दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी वेगळी तपासणी करवून घेतली.

"मोठ्या वाहिन्या साफच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांच्या पुढच्या, केसासारख्या बारीक वाहिन्या गरज पडेल तेव्हा रुंदावत नाहीत. अँजिओग्राफीत त्या दिसतच नाहीत. तुमचं दुखणं खरं आहे. त्यावर औषध आहे, आणि दुखणं अंगावर काढायचं नाही."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मेन लाइनला दाब, आणि चौथ्या मजल्यावर ठणठणाट?"

"अगदी तसंच."

"असल्या अर्जांवर मी शिक्के मारत आले हो."

"ते तुमचं तुम्ही बघा. या गोळ्या रोज घ्यायच्या."

घरी येऊन त्यांनी नवरोबांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आणि अगदी कळवळून म्हणाले, "अगं, एवढं दुखत होतं, तर आधी बोलायचं नाहीस का?"