नरसिंहरावांची होडी

देवराज मोहल्ल्यात दुकान असलेल्या नरसिंहराव शिंप्यांना पोहता येत नव्हतं, वल्हं त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, आणि पाण्याशी त्यांचा संबंध इस्त्रीआधी कापडावर शिंपडण्यापुरताच होता. तरी साठी उलटल्यावर त्यांनी कावेरीकाठच्या मंजुनाथ कोळ्याकडून जुनी लाकडी होडी विकत घेतली. उतारवयात माणसाला काहीतरी खूळ लागतंच. काहींना अध्यात्माचं लागतं, त्यापेक्षा हे बरं.

होडी दोन वर्षं चिंचेखाली पडून होती. नरसिंहरावांनी ती कापड पारखावं तशी पारखली. रंग चोळून पाहिला, कड चिमटीत धरली, काठाने टेप फिरवली. फळ्यांमधल्या फटींतून पलीकडची बकरी दिसत होती, तेवढं मात्र त्यांना खटकलं.

"स्वामी, आधी तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा," मंजुनाथ म्हणाला.

नरसिंहराव गालात हसले. चाळीस वर्षं ते गिऱ्हाइकांना बजावत आले होते की कापड भिजवून मगच शिवायला आणा, नाहीतर पहिल्या धुण्यात सदरा आटतो आणि पोट उघडं पडतं. म्हणजे लाकूडही आटणार, फटी दुप्पट होणार! हा कोळी एक तर येडा, नाहीतर चोर.

कुवेंपुनगरच्या घरी अंगणात होडी आली आणि जमुनाबाईंची वाळवणाची जागा गेली.

"अहो, रविवारपर्यंत थांबते री," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तरंगली तर ठेवा. नाही तरंगली तर फोडून बंबात घालीन."

त्यांचा भाऊ मालोजीराव कॉफी पीत बसला होता. "अक्का, कुऱ्हाडीला आजच धार लावून आणू?"

नरसिंहरावांनी आठवडाभर दुकान बंद ठेवलं. प्रत्येक फट मापली, तिच्या मापाची लाकडी पाचर कापली, डिंक लावून हातोडीने ठोकली. नख शिरायला जागा उरली नाही.

रविवारी होडी टेम्पोतून तळ्यावर गेली. दोरीने काठाला बांधून पाण्यात सोडली. थेंबभरही पाणी आत आलं नाही. मालोजीरावाचं तोंड बंद झालं, तेही मुख्यतः पुळियोगरेचा आंबट भात खाण्यात. सगळे जेवून जरा लवंडले.

दुपारी आवाज झाला. टक्. मग टक्, टक्.

लाकूड पाणी पिऊन फुगत होतं. फुगायला जागाच नव्हती, ती पाचरींनी भरली होती. फळ्या एकमेकींना रेटू लागल्या आणि खिळे सदऱ्याच्या गुंड्यांसारखे उडाले. तळाची एक फळी सुटली. होडी गुडघाभर पाण्यात शांतपणे खाली बसली.

"भावोजी," मालोजीराव म्हणाला, "फिटिंग जरा टाइट झालं वाटतं."

जमुनाबाई उठल्या. "चला. कुऱ्हाड घरी आहे."

नरसिंहराव चिखलात उभे होते, धोतर भिजलेलं. "जमुना, चूक होडीची नाही. माझी आहे. तो सांगत होता, मी ऐकलं नाही."

जमुनाबाई थबकल्या. संसार चालू झाल्यापासून त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. सदरा बिघडला तर आजवर गिऱ्हाईकच जाड झालेलं असे. त्यांनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, तापबीप आहे का म्हणून.

"तीन दिवस," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर एक तास नाही."

मंजुनाथ आला, पोट धरून हसला, पाचरी उपटल्या, फळी ठोकली आणि होडीत धोंडे भरून ती पुन्हा बुडवली. तीन दिवस नरसिंहराव काठावर छत्री घेऊन बसले. येणारा-जाणारा हळहळून विचारी, "कधी बुडाली हो?" आणि त्यांना प्रत्येकाला सांगावं लागे की मीच बुडवली आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. एका म्हातारीने तर घरी फोन करायला सांगितलं.

चौथ्या दिवशी धोंडे काढले, पाणी उपसलं. फटी आपोआप मिटल्या होत्या. होडी तरंगली, नरसिंहराव आत बसले, वल्हं मारलं आणि जागच्या जागी गोल फिरले. पुन्हा मारलं, पुन्हा फिरले.

"अय्यो, सरका तिकडे!" काठावरच्या जमुनाबाईंनी पदर खोचला, पाण्यात उतरल्या आणि वल्हं नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं.